कॉलेजची तयारी आठवीत



१७९५ साली आपल्या खर्ड्याजवळ मराठ्यांनी निजामाला हरवलं. ती फौज एका रात्रीत उभी राहिली नाही. शिंदे, होळकर, भोसले, सगळ्यांना आधी एकत्र यावं लागलं. तयारी आधी, लढाई मागून.

शिक्षणाचंही असंच आहे. पोरगी बारावी पास होते. आपण पेढे वाटतो. ती नगरला नाहीतर पुण्याला कॉलेजात जाते, आणि पहिल्याच वर्षी गाडं अडतं. लोक म्हणतात, पोरगी मठ्ठ. मठ्ठ कशाची! कॉलेजात पुस्तक इंग्रजीत, आणि हायस्कुलात इंग्रजी नुसतं पाठ केलेलं. गणितं गाईडातून उतरवलेली. प्रयोग फळ्यावरच पाहिलेले. कसर तिथं राहिली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून शिकू दिलं नाही. फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. संस्कृत त्यांनी पुढं मोठेपणी स्वतः खपून मिळवलं. एवढी चिकाटी प्रत्येक पोरात कुठून आणायची?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही गोष्ट ओळखली होती. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची गरीब पोरं एका पंगतीत जेवली. त्यांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीनं, अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. मग १९४० साली हायस्कूल निघालं. आणि कॉलेज? ते १९४७ साली. आधी भाकरी आणि झोपायला जागा, मग हायस्कूल, मग कॉलेज. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आपण काय करायचं? पोराला रोज एक पान मोठ्यानं वाचायला लावा. तुम्हाला आता अक्षर येतं, शेजारी बसून बोट फिरवा. अडला तर समजेल. दहावीनंतर विषय निवडताना मास्तरांना विचारा. अकरावीत गणित सोडलं तर इंजिनियरची वाट अवघड होते, जीवशास्त्र सोडलं तर डॉक्टरची. हे पुष्कळांना फार उशिरा कळतं.

आणखी एक. आठवीत एनएमएमएस नावाची सरकारी परीक्षा असते. गरीब घरच्या पोरांसाठीच ती आहे. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. घरात आठवीतलं पोर असेल, तर उद्याच हेडमास्तरांकडे जा. फॉर्म कधी निघतो ते विचारा, आणि तारीख स्वतःच्या हातानं लिहून घ्या.