नऊ व्होल्टला पोरींनी का भ्यावं?

मैत्रिणींनो, बर्डीवरून आम्ही ब्रेडबोर्ड, ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी आणि ४७० ओहमचे रेझिस्टर आणले. पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी. ‘वायरीला हात लावू नको’ हे पोरींनाच जास्त ऐकावं लागतं. भिंतीतल्या २३० व्होल्टसाठी ते खरंच. ती वीज या बोर्डावर कधीच आणायची नाही.

बोर्डावर एका ओळीतली पाच भोकं आतून जोडलेली असतात. रेझिस्टरचे दोन्ही पाय त्याच ओळीत खोचले तर वीज त्याला वगळून जाते नि एलईडी जळतो. म्हणून पाय वेगळ्या ओळींत. एलईडीचा लांब पाय बॅटरीच्या धन बाजूकडे. लाल एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो. उरलेल्या ७ ला ४७० ने भागलं की साधारण १५ मिलिअँपिअर. एकापुढे एक दोन रेझिस्टर लावून बघा, प्रवाह निम्मा होतो, उजेड मंदावतो.