ब्लँकेट की सातबारा?

(युवक शिबिरात केलेले भाषण)



संस्थावाल्यांना शिव्या घालायला मी उभा राहिलेलो नाही. दोन-चार घालीन, ते वेगळं. सवाल एवढाच : खेड्यातल्या आपल्या माणसाला संस्था मदत करते म्हणजे नेमकं काय करते?

१९७२ च्या दुष्काळात माझ्या आईनं खडी फोडली, सुकडी खाल्ली. सुकडीनं जीव वाचला रे, म्हणायची. खरंय. उपाशी माणसाला तत्त्वज्ञान सांगू नये. पण पाऊस पडला, सुकडी बंद झाली, आणि आई पुन्हा दुसऱ्याच्याच बांधावर. पुढं एका संस्थेनं वस्तीत ब्लँकेटं वाटली. फोटोसाठी म्हातारीला तीनदा हात पुढं करायला लावला. ब्लँकेट दोन हिवाळ्यांत विरलं.

मग पाणलोटवाले आले. काम चोख केलं, विहिरी भरल्या. कुणाच्या? ज्यांच्या होत्या त्यांच्या! वर डोंगरावर चराईबंदी. आमच्या शेळ्यांनी काय खायचं, हे कुणी विचारलं नाही. आमच्या वाट्याला खोदाईची मजुरी आली, तीही काम चाललं तोवर.

आता दुसरी गोष्ट ऐका. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचा सत्याग्रह लढवला. बीड जिल्ह्यात एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानानं तीच वाट धरली. आवाडही संस्था चालवणारेच. पण त्यांनी गायरान कसणाऱ्यांच्या पाठीशी उभं राहून ती जमीन त्यांच्या नावावर करण्याची लढाई केली. १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून कसत असल्याचा पुरावा सरकारला लागत होता. कुठून आणायचा? तर अतिक्रमण केलं म्हणून भरलेल्या दंडाची पावती, अंगावर झालेली केस! ज्या कागदानं गुन्हेगार ठरवलं, तोच हक्काचा कागद. लोकांनी पत्र्याच्या पेट्या उघडल्या.

दोन एकर माळरानानं कुणी श्रीमंत होत नाही. पण पीककर्ज सातबारावाल्याला, विहिरीची योजना सातबारावाल्याला, पीक बुडालं तर भरपाईही त्यालाच. घरात चार पोती बाजरी असली की मुकादमाच्या उचलीला नाही म्हणता येतं. दसरा झाला की पोरं शाळेतून काढून ऊसतोडीला न्यावी लागत नाहीत. मालकाच्या पोरानं आईवरून शिवी दिली तर उलटून बोलता येतं, कारण उद्याची चूल त्याच्या हातात नसते.

म्हणून संस्थावाला भेटला की मी विचारतो, किती वाटलंत ते राहू द्या, किती जणांची नावं चढवलीत?

माझ्या गावातल्या अकरा घरांच्या फायली अजून पडून आहेत. सोमवारी मी जातोय. तुमच्यात कायदा शिकणारी पोरं-पोरी आहेत. कोण येतंय बरोबर?