शब्द नसेल तर त्याचं काम सांग

(१९९१ साली दहावी झालेल्या आपल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. विषयही त्यांनीच ठरवून दिला. "तू लातूरला इंग्रजी शिकवतोस, तर आपल्या इंग्रजीच्या तासाबद्दल बोल," असं फोनवर सांगितलं. मी हो म्हणालो आणि नंतर घाबरलो. ज्यांच्यामुळे इंग्रजी आलं ते सर समोर बसलेत. आता बोलताना एखादी चूक झाली, तर त्यांच्या भुवया वर जातील हे मला ३४ वर्षांनंतरही ठाऊक आहे. सर, आज मी मराठीत बोलतोय, ते त्याच भीतीने.

आपलं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. त्याआधी ए, बी, सी, डी आपण फक्त दुकानांच्या पाट्यांवर आणि एस.टी.च्या मागच्या बाजूला पाहिली होती. पण भाषा मात्र आपल्याला कमी नव्हत्या. घरी मराठी, गल्लीत दखनी हिंदी, देगलूर-बिलोलीकडून आलेल्यांच्या घरात तेलुगू, गुरुद्वाऱ्याच्या बाजूला पंजाबी. माझे वडील निजामाच्या राज्यात शाळेत गेले. पहिली काही वर्षं ते उर्दूतून शिकले, आणि १९४८च्या सप्टेंबरात मराठवाडा मुक्त झाल्यावर मराठीतून. ते पाढे मात्र शेवटपर्यंत उर्दूतच म्हणायचे. पोराने आता इंग्रजी शिकायचं म्हटल्यावर ते म्हणाले होते, "शीक बाबा. आम्ही दोन लिप्या गिरवल्या, तू तिसरी गिरव."

तरी आठवीपर्यंत इंग्रजी म्हणजे स्पेलिंग, आणि स्पेलिंग म्हणजे छडी असंच समीकरण होतं. मग आठवीत हे सर आले.

सरांच्या काही गोष्टी सगळ्यांना आठवत असतील. ते डस्टर वापरत नसत. तळहाताने फळा पुसायचे आणि तास संपेपर्यंत त्यांच्या काळ्या कोटाचा खिसा पांढरा व्हायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी शब्दांची वेगळी वही करायला लावली. आपण सवयीने दोन रकाने आखले, शब्द आणि अर्थ. सरांनी अर्थाचा रकाना खोडायला लावला. त्याऐवजी लिहायचं होतं, हा शब्द कुणाच्या तोंडचा, आणि तो कधी बोलला. "माणसाचं नाव आपण कसं लक्षात ठेवतो? तो कुठं भेटला त्यावरून. शब्दाचंही तसंच आहे," असं ते म्हणायचे. आपल्याला तेव्हा वाटलं, सरांना गृहपाठ तपासायचा कंटाळा असावा. माफ करा सर, हे मागच्या बाकांवरचं मत होतं.

शब्द भेटायला माणसं हवीत, म्हणून सरांनी गोष्टी आणल्या. पुस्तकातला धडा लवकर संपवून ते शाळेच्या ग्रंथालयातून कुठलं तरी जुनं, बांधणी सुटलेलं पुस्तक काढायचे आणि वाचायचे. ओ. हेन्रीची शेवटच्या पानाची गोष्ट ऐकून आपल्यापैकी निम्म्यांनी भिंतींवर पानं काढली होती. शिपाईमामांनी त्याबद्दल आपली तक्रारही केली होती.

पण मला सांगायचं आहे ते मोपासांच्या हाराच्या गोष्टीबद्दल. १८८४ सालची ही फ्रेंच गोष्ट. सरांनी ती इंग्रजीतून तीन दिवस पुरवली. पहिल्या दिवशी त्या कारकुनाच्या बायकोने श्रीमंत मैत्रिणीकडून समारंभासाठी हिऱ्यांचा हार उसना आणला. दुसऱ्या दिवशी तो हरवला. नवराबायकोने कर्ज काढून ३६,००० फ्रँकचा तसाच हार विकत घेतला आणि मैत्रिणीला काही न सांगता परत केला. मग ते कर्ज फेडण्यात दहा वर्षं गेली. मोलकरीण काढून टाकली, घर बदललं, बाईचे हात राठ झाले. आपल्या घरांतून सावकार, उसनवारी, गहाण टाकलेल्या पाटल्या हे सगळं पाहिलेलं होतं. त्यामुळे पॅरिस कुठे आहे हे माहीत नसूनही वर्ग गप्प बसला होता.

तिसऱ्या दिवशी दोघी मैत्रिणी बागेत भेटतात. ही आता सगळं सांगून टाकते. त्यावर ती मैत्रीण एक वाक्य बोलते आणि गोष्ट संपते. सरांनी ते वाक्य वाचलं आणि थांबले. वर्गाला काहीच कळलं नाही. कारण सरांच्या पुस्तकातल्या त्या वाक्याचा सगळा भार एका शब्दावर होता. तो शब्द होता पेस्ट.

सरांनी विचारलं, "पेस्ट म्हणजे?" पहिल्या बाकावरून उत्तर आलं, "दात घासायची, सर." दुसरा म्हणाला, "डिंक." वीरकरांच्या डिक्शनरीत बघायला एक जण ग्रंथालयात धावला. सर खिडकीला टेकून नुसते उभे होते. मग मागच्या बाकावरचा आपला एक मित्र उठला. नाव घेऊ नको अशी त्याने आज सकाळीच ताकीद दिली आहे. तो म्हणाला, "सर, ती मैत्रीण म्हनायली का, की तो हार बेन्टेक्सचा होता?"

आधी हशा झाला. मग तो हळूहळू विरला, कारण एकेकाच्या डोक्यात हिशेब उतरत गेला. हार खोटा होता. त्याची किंमत फार तर पाचशे फ्रँक. म्हणजे ती दहा वर्षं? मुलींच्या रांगेतून कुणी तरी "अगं बाई" म्हणालं. सरांनी फळ्यावर पेस्ट लिहिलं, बरोबरची खूण काढली आणि पुढे देवनागरीत बेन्टेक्स लिहिलं. म्हणाले, "हा शब्द आता तुम्ही मरेपर्यंत विसरणार नाही." सर, नाही विसरलो.

दर शनिवारी सरांचा एक खेळ असायचा. नांदेड कधीही न पाहिलेल्या परक्या माणसाला आपल्या घरातली एक वस्तू इंग्रजीतून समजावून सांगायची. कुणाला उंबरा आला, कुणाला पाटा-वरवंटा. मला उतरंड आली होती. मी उभा राहिलो आणि घामाघूम झालो. उतरंडीला इंग्रजी शब्द सापडेना. सर म्हणाले, "शब्द नाही ना? मग सोडून दे त्याला. ती कुठं असते, कशाची असते आणि काय करते, एवढं सांग." मी मोडक्यातोडक्या वाक्यांत सांगितलं, एका कोपऱ्यात, मातीची मडकी, एकावर एक, मोठं खाली आणि लहान वर, आई त्यात डाळ ठेवते. "समजलं त्याला," सर म्हणाले. "बस."

दहावीचा निकाल लागला. मला इंग्रजीत बरे गुण पडले. बेन्टेक्स सांगणारा आपला मित्र इंग्रजीत नापास झाला. ३५ हवे होते, चार कमी पडले. त्याला गोष्ट कळायची, शब्दही कळायचा, पण उत्तरपत्रिकेवर स्पेलिंग उतरायचं नाही. त्या दिवशी आपण सगळे पेढे घेऊन फिरलो, त्याच्या घरी मात्र कुणी गेलं नाही. मी तर त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो. हातात पेढ्यांचा पुडा होता, तो घेऊन कसं जायचं हे सुचेना. पुडा घरी ठेवून जाता आलं असतं. तेही सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला गेलो. अकरावी-बारावीला लातूर म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. पहाटे उठायचं, रोज चाचणी द्यायची, तीच प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवायची. तिथे शब्दांच्या सायक्लोस्टाइल केलेल्या याद्या मिळायच्या. दोन रकाने, शब्द आणि अर्थ. मी शेकडो शब्द पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि विसरलो. त्या याद्यांमुळे गुण मिळाले हे नाकारत नाही.

मग १९९३ साल आलं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. विसर्जन करून लोक उशिरा झोपले आणि ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं गेली. सुमारे दहा हजार माणसं गेली. ते मी इथे सांगायला नको, आपल्यापैकी कितीतरी जण मदतीचे डबे घेऊन नांदेडहून तिकडे आले होते. आम्ही पोरं लातूरच्या दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून उभे होतो. बाहेरच्या राज्यांतून डॉक्टर आले होते, त्यांना मराठी येत नव्हतं. "इंग्रजी कुणाला येतं?" अशी हाक आली आणि मित्रांनी मला पुढे ढकललं.

पहिल्याच वाक्यात मी यादीतला शब्द वापरला. ढिगारा म्हणजे डेब्रिस. डॉक्टर गोंधळले, मग म्हणाले, "डेब्री?" शेवटच्या एस्‌चा उच्चार करायचा नसतो हे यादीत लिहिलेलं नव्हतं.

एका खाटेवर साठीच्या एक मावशी होत्या. दोन्ही पाय सुजलेले, पण जखम फारशी नाही. त्या म्हणाल्या, "लेकरा, माळवद बसलं बघ अंगावर." मी डॉक्टरांना सांगितलं, रूफ पडलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे वळले. पुढे लातूरला राहणाऱ्यांना माळवद काय असतं ते माहीत आहे. पण दुरून आलेल्या माणसाने रूफ म्हटल्यावर काय डोळ्यापुढे आणलं असेल? पत्रे? कौलं? माळवद हा शब्द मला इंग्रजीत कुठेच सापडत नव्हता. आणि त्या क्षणी, सर, तुमचा तो शनिवार आठवला. कुठं असतं, कशाचं असतं, काय करतं.

मी डॉक्टरांच्या मागे गेलो आणि मोडक्यातोडक्या वाक्यांत सांगितलं. दगडमातीच्या जाड भिंती. त्यांवर लाकडी तुळया, वर फळ्या, आणि त्यांवर मातीचा जाड थर. पाणी गळू नये म्हणून त्यावर पुन्हा माती टाकत राहतात, वजन वाढत जातं. ते सगळं हिच्या पायांवर पडलं. डॉक्टर थांबले. त्यांनी विचारलं, किती वेळ? मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "कोंबडं आरवायच्या आधीपासनं, ऊन डोक्यावर येस्तोर." मी मनात मोजलं आणि सांगितलं, आठ तास.

डॉक्टर परत खाटेपाशी आले. पुढचा प्रश्न होता, लघवी झाली का, किती झाली, रंग कसा होता. १८ वर्षांच्या पोराने आजीच्या वयाच्या बाईला हे विचारायचं! मान खाली घालून विचारलं. काळ्या चहासारखी, त्या म्हणाल्या. लगेच सलाईन वाढलं, नर्सना सूचना गेल्या. नंतर डॉक्टरांनी मला समजावलं, की स्नायू बराच वेळ दबून राहिले आणि मग मोकळे झाले, तर त्यांतलं विष रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. वरून जखम दिसत नाही. म्हणून किती वजन आणि किती वेळ, हे कळणं महत्त्वाचं.

मी कुणाला वाचवलं असं म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना दुसरीकडे हलवलं, पुढे काय झालं मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे, की रूफ एवढ्या एका शब्दावर मी थांबलो असतो, तर त्या दुपारी अपुरी गोष्ट पोचली असती.

२००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्याच वर्षी मी लातूरला शिक्षक झालो. आणि आता खरं सांगतो. मीही बरीच वर्षं मुलांना याद्याच दिल्या. याद्या तपासायला सोप्या, पालक खूश. परवा आपल्या गटावर या मेळाव्याचा निरोप आला तेव्हा जुनी ट्रंक उघडली, त्यात ती रकाना खोडलेली वही मिळाली. त्या आठवड्यात मी नववीच्या वर्गात हाराची गोष्ट सांगितली आणि शनिवारी माळवद दिलं. वर्गातल्या बहुतेकांनी ते पाहिलेलंच नव्हतं. त्यांना आजी-आजोबांना विचारून यावं लागलं. मोबाइलवर अर्थ क्षणात मिळतो त्यांना. पण आजीने भूकंपाच्या रात्रीचं काय सांगितलं, ते सहा मुलांनी इंग्रजीत लिहून आणलं. स्पेलिंग चुकली होती. मी लाल शाईने फक्त स्पेलिंग दुरुस्त केली, गुण कापले नाहीत.

शेवटी त्या मित्राबद्दल. त्याने ऑक्टोबरची परीक्षा दोनदा दिली आणि मग नाद सोडला. आज त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, दोन माणसं कामाला आहेत. काल संध्याकाळी आधी मी त्याच्याकडे गेलो, पेढे घेऊन. म्हणालो, "३४ वर्षं उशीर झाला." तो हसला. म्हणाला, "तवा आला असतास तर मी दार उघडलं नसतं." मग म्हणाला, "सर आले होते. निकालाच्या दिवशीच. रात्री. दार वाजवत राहिले, मी उघडलं, तर म्हणाले, पेस्टचा अर्थ सांगणारा तूच एक होतास, हे विसरू नको."

सर, हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत.

माझी दहा मिनिटं संपली. तो तिसऱ्या रांगेत बसलाय, निळा शर्ट. नाव घेतलेलं नाही, ताकीद पाळली आहे. पण चहाच्या वेळी त्याला हाराची गोष्ट विचारा. माझ्यापेक्षा चांगली सांगतो.