सांभाळणाऱ्याचा हिशेब



कराचा विषय म्हटला की आपल्याला वाटते, हा धनवंतांचा प्रश्न. आपल्याला त्याचे काय? पण आपल्या घरांतून नेहमी दिसणारे एक चित्र पाहा. मुलगे मुंबईत किंवा आखातात नोकरीला, घरी अंथरुणाला खिळलेली विधवा आई आणि तिचे सर्व काही करणारी एक मुलगी. आईच्या पश्चात वाटणी होते तेव्हा मुलीला भावाच्या निम्मा हिस्सा मिळतो. तिने केलेल्या सेवेचा त्या हिशेबात कोठेही उल्लेख नसतो. वसियत करून तिला अधिक द्यावे म्हटले, तर सुन्नी कायद्याप्रमाणे वारसाच्या नावे केलेल्या वसियतीला आईच्या मृत्यूनंतर इतर वारसांची संमती लागते.

म्हणून आईला मुलीसाठी काही करावयाचे असेल, तर ते हयातीतच केले पाहिजे. त्याचा मार्ग म्हणजे हिबा. देणाऱ्याने देणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा सोपविणे, ही त्याची तीन अंगे. तोंडी हिबाही चालतो. तथापि पुढील तंटे टाळण्यासाठी नोंदणीकृत बक्षीसपत्र करणे शहाणपणाचे. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलामुलीला बक्षीस दिल्यास २०१५ पासून मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार वेगळा. आईकडून मुलीला मिळालेल्या बक्षिसावर प्राप्तिकर नाही.

पण सर्व देऊन आई उघड्यावर पडली तर? ही शंका रास्त आहे. आई साठी ओलांडलेली असेल आणि 'मुलीने सांभाळ करावा' अशी अट दस्तात लिहिलेली असेल, तर ती मोडल्यास ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यान्वये न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. ही ओळ विसरू नका.

मृत्यूनंतर सरकार वाटा घेते, ही समजूतही काढून टाका. १९५३ ची इस्टेट ड्यूटी १९८५ साली बंद झाली. वारशाने मिळालेली मालमत्ता हे उत्पन्न नव्हे. मात्र तिचे पुढील भाडे वा व्याज वारसाच्या उत्पन्नात धरले जाते आणि मयताचा थकलेला कर त्याच्या मालमत्तेतून आधी फेडावा लागतो.

आता सांभाळाचा खर्च. आश्रित आईवडील, पतिपत्नी, मुले किंवा भावंडे यांपैकी कोणी दिव्यांग असल्यास, त्यांचा खर्च करणाऱ्या भारतनिवासी करदात्याला उत्पन्नातून ७५,००० रुपये वजावट मिळते. दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,०००. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र हवे. नुसते वार्धक्य पुरत नाही. ही वजावट जुन्या करपद्धतीतच आहे आणि २०२३-२४ पासून आपोआप लागू होते ती नवी पद्धत. तेव्हा दोन्हींचा हिशेब करूनच निवड करावी. पाहा, राबते बहीण आणि सवलत मिळते खर्च करणाऱ्या भावाला! भावाने वाचलेला कर तरी तिच्या हाती ठेवावा. भावाने बहिणीला दिलेल्या रकमेवर तिला कर नाही.

शेवटी ट्रस्टविषयी. समजा, एखाद्या गृहस्थाच्या आधाराने त्याची निराधार बहीण राहते. त्याला मुलगा असल्यामुळे ती त्याची वारस होत नाही. अशा बहिणीसाठी, कफनदफनाचा खर्च व कर्ज वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एकतृतीयांशापर्यंत, तो वसियतीने ट्रस्ट करू शकतो. कोणाला किती द्यावे हे विश्वस्तांच्या मर्जीवर असलेल्या ट्रस्टला एरवी कमाल दराने कर पडतो. परंतु केवळ आश्रित नातलगासाठी वसियतीने केलेला तो एकच ट्रस्ट असेल, तर नेहमीच्या टप्प्यांचे दर लागतात.

विद्यार्थी मित्रहो, आपण शिकलात याचा उपयोग घरी करा. या सुट्टीत घरातील दस्त, पासबुके व प्रमाणपत्रे एकत्र लावा आणि वडीलधाऱ्यांना विचारा, 'जी आपल्याला सांभाळते तिच्यासाठी आपण काय लिहून ठेवले आहे?' प्रश्न अवघड आहे. पण तो आज अदबीने विचारला, तर उद्या भावंडांना कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही. दस्त करण्यापूर्वी मात्र जाणत्या वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.