षटकोनांच्या नकाशावरचा कर्नाळा
(शिरढोण येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)



'सिव्हिलायझेशन' हा संगणकावरचा खेळ तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी पोरं खेळत असतील. ओसाड नकाशावर एक टोळी घेऊन उतरायचं, गाव वसवायचं, त्याचं राज्य करायचं. १९९१ सालच्या पहिल्या खेळात नकाशा चौकोनी घरांचा होता. २०१० साली पाचवा भाग आला, त्यात घरं षटकोनी झाली. कारण साधं आहे. चौकोनाचा तिरपा शेजारी सरळ शेजाऱ्यापेक्षा लांब पडतो. षटकोनाचे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात.

निसर्गालाही हा आकार प्रिय आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनवर लाव्हा पसरला. काही ठिकाणी तो सावकाश निवला, निवताना आकसला, आणि भेगा पडून पाच-सहा कोनांचे खांब झाले. पन्हाळा तालुक्यात बांदिवड्याला ते दिसतात, अंधेरीत गिल्बर्ट हिलला दिसतात. आणि आपल्या कर्नाळ्याच्या सुळक्याला लटकलेल्या पोळ्यांत मधमाश्या तोच आकार मेणाने बांधतात.

त्याच पाचव्या भागात निसर्गाची आश्चर्यं पहिल्यांदा नकाशावर आली: फुजी, जिब्राल्टरचा खडक, अमेरिकेतलं बॅरिंजर विवर. आपलं लोणार त्याहून मोठं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, आणि तेही बेसाल्टमध्ये. पण ते तिथे नाही, याची मला खंत वाटते. या आश्चर्यांचा नियम असा, की ती बांधता येत नाहीत आणि त्यांच्यावर काही बांधताही येत नाही. मला सगळ्यात भावतो तो किलिमांजारोचा नियम. त्याच्या शेजारून जे सैन्य जातं, ते पुढे कुठल्याही डोंगराळ मुलखात चपळ होतं. डोंगर आपलं बळ शेजाऱ्याला देतो.

शिरढोणला हे वेगळं सांगायला नको. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके याच गावात जन्मले. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. १८७९ साली रामोशी, कोळी, धनगर सोबतीला घेऊन सह्याद्रीच्या आडोशाने इंग्रजांशी लढलेल्या या माणसाच्या घडणीत समोरच्या किल्ल्याचा वाटा किती, हे मोजता येणार नाही. तो होता, असं मी मानतो. गडावर सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. डोंगराशी राहायचं कसं, हे ती खोदणाऱ्यांना उमगलेलं होतं.

खेळ चुकतो तो एका ठिकाणी. तिथे आश्चर्याचं घर राखलं की आश्चर्य राहतं. प्रत्यक्षात त्याचं भवितव्य भोवतालच्या सहा घरांत ठरतं. गिल्बर्ट हिल आज सुमारे साठ मीटर उंच उभा आहे, माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे. पण भोवतालचा दगड खाणींनी नेला आणि पायाशी इमारती येऊन भिडल्या. २००७ साली त्याला वारसा म्हणून मान्यता मिळाली, तोवर राखायला उरला होता एकटा खडक.

कर्नाळा त्या मानाने सुदैवी. १९६८ साली इथे महाराष्ट्रातलं पहिलं पक्षी अभयारण्य झालं. आज ते सुमारे बारा चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे फार लहान, आणि त्याच्या अंगावरून मुंबई-गोवा महामार्ग जातो. पक्षी हद्दीचा दगड वाचत नाहीत. त्यांना आपल्या बांधावरचा उंबर लागतो, ओढ्याकाठचं झुडूप लागतं. याच पनवेल तालुक्यात विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. त्या टेकडीला कुणी आश्चर्य म्हटलं नव्हतं. उद्या इथल्या एखाद्या टेकाडावर मुरुमासाठी यंत्र चढेल, तेव्हा तेही कुणाच्या यादीत नसेल. म्हणून ग्रामसभेत जमिनीचा विषय निघाला की अभयारण्याच्या रेषेबाहेरचे ओढे, देवराया आणि टेकाडं नावानिशी नोंदवून घ्या, असं माझं तुम्हाला सांगणं आहे.