ओळ झाकताना कारण लिहा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



शाळेच्या आठवणी सांगणारे आज पुष्कळ आहेत. म्हणून संयोजकांनी मला माझ्या कामाविषयी बोलायला सांगितलं. मी कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो. कोलाडला घरी आलो तरी इथूनच काम करतो. दूरच्या सर्व्हरवर माऊस नसतो, चित्रं नसतात. काळा पडदा आणि कीबोर्ड, एवढंच. पावसाळ्यात रेंज कमी असली तरी तेवढ्यावर भागतं.

तिथे लिहायला मी ‘व्हिम’ हा एडिटर वापरतो. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये ‘व्हीआय’ लिहिला. त्याच धर्तीवर नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये व्हिम लोकांपुढे आणला, तोही फुकट. विनंती एवढीच, की जमलं तर युगांडातल्या गरजू मुलांना मदत करा.

आता कामाची गोष्ट. प्रोग्राममधली एखादी ओळ काही काळ बंद ठेवायची असेल, तर ती पुसत नाहीत. तिच्या आधी # सारखी खूण घालतात. संगणक ती ओळ सोडून पुढे जातो. माणसाला मात्र ती वाचता येते. याला ‘कमेंट करणं’ म्हणतात. पूर्वी पोथ्या लिहिणारे चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावत. ‘हरताळ फासणे’ त्यावरूनच आलं. हरताळाखालचं अक्षर गेलंच. # मागची ओळ मात्र परत चालू करता येते.

व्हिममध्ये तीन ओळी बंद करायच्या आहेत, असं समजा. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला जा. कंट्रोल आणि व्ही दाबा. दोनदा जे दाबून खाली या. मग कॅपिटल आय, मग #, शेवटी एस्केप. # आधी एकाच ओळीवर दिसतो; एस्केप दाबल्यावर तिन्हींवर येतो. काढताना तसंच कंट्रोल-व्ही, दोनदा जे आणि एक्स. काम संपलं.

बोटांना हे दोन दिवसांत जमतं. अवघड भाग पुढेच आहे.

एका कारखान्याने मला बोलावलं होतं. कामगारांच्या हजेरीची रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर प्रत घेणारी एक ओळ तिथे होती. दुरुस्तीच्या रात्री कुणीतरी तिच्यापुढे # घातला. दुरुस्ती झाली, # तसाच राहिला. पाच महिन्यांनी मूळ डिस्क बंद पडली. कुणी किती ओव्हरटाइम केला, याचा पुरावाच उरला नाही. मधल्या काळात दोघांनी ती ओळ पाहिली होती. “मुद्दाम बंद केली असेल,” असं वाटून त्यांनी हात लावला नाही. शेजारी कारणाचा एक शब्द नव्हता. नुकसान झालं ते हातावर पोट असलेल्यांचं.

तेव्हा मुलांनो, ओळ झाकाल तेव्हा तिच्या वर आणखी एक ओळ लिहा: कुणी बंद केली, कधी, कशासाठी आणि परत केव्हा चालू करायची. अर्धं मिनिट लागतं. तुमच्यानंतर त्या खुर्चीवर बसणारा तुम्हाला ओळखत नसेल. त्याच्याशी बोलायला तुमच्याजवळ तेवढीच जागा आहे.

शाळेच्या संगणक खोलीत व्हिम टाकून द्यायची जबाबदारी मी घेतो. शिकायला या.