घरातले आजारपण आणि घरातली साधने

(पिंपळगाव रेणुकाई येथे संस्थेच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





आम्ही डॉक्टर नाही आणि इंजिनीअरही नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेच्या काउंटरमागे बसणारी आम्ही माणसे. मग ‘विज्ञानाची साधने आणि घरातील आरोग्य’ या विषयावर बोलण्याचा आम्हांला काय अधिकार, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की निराधार योजनेचे पैसे घ्यायला आलेली म्हातारी माणसे आम्हांला रोज दिसतात. आयुष्यभर खुरपे आणि विळा धरून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. अंगठा यंत्रावर उमटत नाही. सोबत कोणी आले आहे का, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते. मुलगा पुण्याला, दुसरा संभाजीनगरला कंपनीत, लेक सासरी. मिरचीच्या तोडणीत गावात माणसांची वर्दळ असते, पण घरात म्हातारी एकटीच असते.

या एकट्या माणसापुढे दोन प्रश्न असतात. एक, दुखले-खुपले तर जीव कसा वाचायचा. दुसरा, जिवंत आहोत तोवर दर गोष्टीला दुसऱ्याच्या तोंडाकडे न पाहता कसे जगायचे. पहिल्या प्रश्नावर आपण पुष्कळ बोलतो. दुसऱ्यावर बोलत नाही. आज या दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार करावा, असे आम्हांस वाटते.

विषय निघाला की दोन शंका हटकून घेतल्या जातात. ‘हे श्रीमंतांचे सोंग आहे’ ही पहिली. ‘आपली माणसे शिकलेली नाहीत, त्यांना यंत्र काय समजणार’ ही दुसरी. या दोन्ही शंकांना आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीसारख्या दुर्गम जिल्ह्यात उत्तर मिळालेले आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तेथे लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम केले. न्यूमोनिया ओळखण्याची एक सोपी खूण म्हणजे मुलाचा श्वास जलद चालणे. दोन महिन्यांच्या आतील बाळ शांत असताना मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर धोका समजावा. पण गावातल्या दाईला साठपर्यंत आकडे येत नव्हते आणि तिच्याजवळ घड्याळही नव्हते. दुसरे कोणी असते तर ‘दाई अडाणी आहे’ म्हणून मोकळे झाले असते. येथे साधनच बदलण्यात आले. एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ आणि त्याला जोडून मण्यांच्या ओळी, असे ते साधन होते. दाईने दहा श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजायचे. दाईचा हात आणि दाईचे डोळे यांना जमेल असे ते होते.

पुढे याच संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची काळजी घरातच घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बाया निवडून त्यांना शिकवले. बाळाचे वजन करणे, ताप मोजणे, बाळाला ऊब देणे, श्वास अडकलेल्या बाळाला हवेच्या पिशवीने श्वास देणे, जंतुसंसर्ग झाला तर ठरल्याप्रमाणे इंजेक्शन देणे ही कामे त्या करू लागल्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल छापून आला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ साली भारत सरकारने ही पद्धत आशाताईंमार्फत देशभर लागू केली. आज आपल्या गल्लीत आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत ठरावीक वेळा येऊन बाळाचे वजन करते, त्याच्या मागे गडचिरोलीच्या या बायांचे काम आहे.

दुसरे उदाहरण जयपूर फूटचे घ्या. परदेशी पद्धतीचा कृत्रिम पाय बुटात घालून चालण्यासाठी केलेला होता. त्याने मांडी घालता येईना, उकिडवे बसता येईना, चिखलात उतरता येईना. गरीब शेतमजूर तो पाय घरात टांगून ठेवी आणि पुन्हा कुबड्या घेई. १९६८ च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा हे फारसे न शिकलेले कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून रबराचा असा पाय घडवला, की तो लावून अनवाणी चालावे, शेतात जावे, झाडावरही चढावे. १९७५ पासून तेथील भगवान महावीर विकलांग सहायता समिती असे पाय मोफत बसवते.

या दोन्ही उदाहरणांचे तात्पर्य एकच. साधन किती महाग आहे ते पाहू नका. ते आपल्या घराच्या जमिनीला, आपल्या हाताला आणि आपल्या बसण्या-उठण्याला जुळते का, ते पाहा.

औषधोपचार घरात होणे ही आपल्याला परकी गोष्ट नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मधुमेह होता आणि त्यासाठी इन्सुलिन घ्यावे लागे. माईसाहेब स्वतः डॉक्टर. १९४८ नंतर त्यांचे पथ्यपाणी व औषध घरातच सांभाळले जाई. पायांच्या वेदना होत्या, दृष्टी मंदावली होती, तरी अखेरपर्यंत लेखन चालू होते. इन्सुलिन माणसाला प्रथम दिले गेले १९२२ साली. म्हणजे तेव्हा हे औषध काही फार जुने नव्हते. नवे आहे म्हणून त्यांनी ते दूर ठेवले नाही, आणि आजार आहे म्हणून काम थांबवले नाही.

बौद्ध वाङ्मयातील विनयपिटकात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू घाणीत पडून होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते, कारण तो इतरांच्या कामाचा राहिला नव्हता. तथागतांनी आनंदांसह स्वतः त्याला स्वच्छ केले, उचलून मंचकावर ठेवले आणि रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा आहे असे भिक्खूंना समजावले. हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. पण त्याच्या पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. चांगला रुग्ण कोणता, हेही तेथे सांगितले आहे. जो पथ्य पाळतो, प्रमाण जाणतो, औषध घेतो, दुखणे सोसतो आणि आपला आजार जसा आहे तसा सांगतो, वाढला असेल तर वाढला म्हणतो व उतरला असेल तर उतरला म्हणतो, तो चांगला रुग्ण.

मित्रहो, आजार जसा आहे तसा सांगणे, यातच घरातल्या साधनांचे सारे काम आले. रक्तदाब मोजण्याचे यंत्र, साखर तपासण्याचे यंत्र, थर्मामीटर ही आजार बरा करीत नाहीत. ती आजार खरा सांगतात. आपल्याकडे डॉक्टरांपुढे जाऊन ‘बरं वाटत नाही’ एवढेच सांगितले जाते. डॉक्टर किती दिवसांपासून विचारतात, तेव्हा ‘झाले की बरेच दिवस’ असे उत्तर मिळते. अशा वेळी एक वही हवी. आम्ही बँकेतली माणसे, म्हणून पासबुकाचा दाखला देतो. एका दिवसाच्या नोंदीवरून खाते कळत नाही, वर्षाच्या नोंदीवरून कळते. तसेच रक्तदाबाचे आहे. तारीख, वेळ आणि आकडा अशा तीन रकान्यांची वही घरात टांगलेली असावी आणि दवाखान्यात जाताना ती पिशवीत असावी. हे काम सातवी-आठवीच्या मुलाने करावे.

यंत्रे वापरताना काही पथ्ये पाळावी लागतात. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. अर्धा तास आधी चहा आणि तंबाखू घेऊ नये. हात छातीच्या पातळीवर टेकलेला असावा, बोलू नये आणि दोनदा मोजावे. आकडा वारंवार १४०/९० किंवा त्याहून वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. आकडा उतरला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. मधुमेहाच्या माणसाला दरदरून घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होत असेल आणि साखर ७० च्या खाली असेल, तर शुद्धीवर असताना लगेच साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा. इन्सुलिन ठेवायला फ्रीज नसेल किंवा लोडशेडिंग असेल, तर पाझरणाऱ्या मातीच्या मडक्यात, बाटलीला पाणी लागणार नाही अशा बेताने ठेवावे. किती दिवस ठेवायचे ते मात्र डॉक्टरांना विचारावे.

यंत्रही चुकते, हे लक्षात ठेवावे. करोनाच्या साथीत बोटाला लावून प्राणवायू दाखवणारे छोटे यंत्र घरोघर आले. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले, की काळ्या त्वचेच्या रुग्णांत हे यंत्र काही वेळा प्राणवायू खऱ्यापेक्षा जास्त दाखवते आणि आजार झाकला जातो. आपण सावळी-काळी माणसे. म्हणून आकडा चांगला असला तरी धाप लागत असेल, तर धापेवर विश्वास ठेवावा आणि दवाखाना गाठावा.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. माणूस परावलंबी होतो तो बहुधा मोठ्या आजाराने नव्हे, तर संडास, न्हाणी आणि अंधार यांमुळे. रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी न पिणाऱ्या म्हाताऱ्या बाया आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. गुडघे वाकत नाहीत, बाहेर ओल असते, सुनेला हाक मारायची लाज वाटते. एकदा घसरून खुब्याचे हाड मोडले की ती बाई पुन्हा उभी राहीलच असे नाही. यावर उपाय थोड्या खर्चाचे आहेत. संडासाच्या भिंतीला धरायला लोखंडी दांडी, न्हाणीत खरबरीत फरशी, खाटेजवळ हाताला येईल असे दिव्याचे बटण, चार पायांचा वॉकर, संडासाची खुर्ची, कानाचे यंत्र आणि नंबर तपासलेला चष्मा. यांतल्या पहिल्या तीन गोष्टी गावातला गवंडी आणि वायरमन एका दिवसात करून देतील.

यासाठी सरकारी योजनाही आहेत. दिव्यांगांना साधने देण्याची केंद्राची योजना १९८१ पासूनची आहे. दारिद्र्यरेषेखालील ६० वर्षांवरील ज्येष्ठांना साधने देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तीत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या व कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला साधने घेण्यासाठी एकदा ३,००० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. म्हणून खाते बंद पडू देऊ नका, एवढे आम्ही आमच्या धंद्यातले सांगतो. अर्जाची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत फोनसेवा आहे. २०२० पासून ई-संजीवनीद्वारे मोबाईलवर सरकारी डॉक्टरांचा सल्लाही मिळतो. पेन्शनधारकांना हयातीचा दाखला २०१४ पासून डिजिटल पद्धतीने देता येतो. आता तो चेहऱ्यावरूनही होतो, त्यामुळे अंगठा न उमटणाऱ्यांचीही सोय झाली आहे.

मात्र एका गोष्टीबद्दल सावध राहिले पाहिजे. मोबाईलवर डॉक्टर दिसतो, मग गावात डॉक्टर कशाला, असे कोणी म्हणू लागले तर ते मान्य करता कामा नये. आरोग्य केंद्रात डॉक्टर, नर्स आणि औषध असणे हा आपला हक्क आहे. तसेच घरात वॉकर आणला म्हणजे मुलाचे कर्तव्य संपले, असेही नाही. आणि सेवा करायची ती सुनेनेच, हा रिवाज तर साधनांपेक्षा आधी बदलायला हवा. वही लिहिणे, पाणी भरून ठेवणे, रात्री आजीला न्हाणीपर्यंत नेणे ही कामे मुलग्यांची आणि नातवांचीही आहेत.

शेवटी संस्थेपुढे आमची एक सूचना आहे. संस्थेने साधनांचे एक छोटे भांडार उभारावे. दोन वॉकर, एक चाकाची खुर्ची, एक संडासाची खुर्ची, एक रक्तदाबाचे यंत्र आणि एक साखरेचे यंत्र एवढ्यावर सुरुवात करता येईल. बरे झालेल्या किंवा आता हयात नसलेल्या माणसांची साधने पुष्कळ घरांत माळ्यावर धूळ खात पडलेली असतात. ती मागून घ्यावीत, धुऊन-पुसून दुरुस्त करावीत आणि गरज असेल त्याला, जात-धर्म न विचारता, रजिस्टरवर सही घेऊन द्यावीत. काम झाले की परत घ्यावीत. हिशेबाचे रजिस्टर ठेवायला आम्ही तयार आहोत. यंत्र वापरायला शिकवण्यासाठी महिन्यातून एकदा आशाताईंना किंवा नर्सताईंना बोलवावे आणि प्रत्येक गल्लीसाठी दोन विद्यार्थी नेमावेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही मोबाईल आमच्यापेक्षा चांगला चालवता. त्यातला अर्धा तास शेजारच्या आजीसाठी काढा. तिच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या वेगवेगळ्या डब्यांत भरून द्या, वहीत आकडा लिहा, मुलाला फोन लावून द्या. ज्या माणसांनी मजुरी करून आपल्याला शाळेत घातले, त्यांना रात्री कोणाला हाक न मारता उठता यावे, तहान लागली तर न भिता पाणी पिता यावे, एवढी सोय आपण नक्कीच करू शकतो. भांडाराचा ठराव आजच्याच सभेत मांडावा, अशी अध्यक्षांना विनंती करून आम्ही आमचे भाषण पूर्ण करतो.

जयभीम. नमो बुद्धाय.